मोठ्या जिभेचा माग

“बाळ भारी गुणी आहे, रडायचं नावच घेत नाही!” बाळंतिणीच्या खोलीतले हे कौतुक खानदेशातल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले. दूध पाजायला बाळाला उठवावे लागते, दोन घोट घेतले की ते पुन्हा झोपते. रडलेच तर आवाज घोगरा. शी तीन-तीन दिवस होत नाही, अंगावरचा पिवळेपणा पंधरवडा उलटला तरी उतरत नाही, बेंबी फुगलेली राहते. दोन-तीन महिन्यांनी कोणाच्या तरी लक्षात येते, की बाळाचे तोंड नीट मिटत नाही. जाडसर जीभ ओठांबाहेर डोकावते, दूध ओढताना आड येते. मग कौतुक थांबते आणि कुजबुज सुरू होते.

डॉक्टर या लक्षणाला मॅक्रोग्लॉसिया म्हणतात. जीभ प्रमाणाबाहेर वाढण्याची कारणे पुष्कळ आहेत. पण ज्या कारणाने माणसाला सर्वांत जास्त काळ चकवले, ते तोंडात नव्हतेच. ते गळ्यात होते, आणि गळ्यातल्या बिघाडाचे एक मूळ थेट मिठाच्या बरणीपर्यंत पोचत होते. जिभेवरून गळ्याकडे, गळ्यावरून मिठाकडे आणि शेवटी बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबाकडे असा हा माग काढायला वैद्यकाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

तो माग खानदेशातल्या अमळनेरहून पाहिला तर चांगला दिसतो. बोरी नदीच्या काठचे हे गाव समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक आत आहे. उत्तरेला तापी, तापीपलीकडे सातपुडा. सखाराम महाराजांच्या यात्रेने, प्रतापशेठांच्या कापडगिरणीने आणि १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिराने ते नावारूपाला आले. मात्र इथल्या स्वयंपाकघरात पडणारा मिठाचा प्रत्येक खडा बाहेरून आलेला आहे.

जड जिभेवर घरचा इलाज ठरलेला होता, वेखंडाचा. बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम यांच्या शेजारी वेखंडाचा तुकडा असे. आजी सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब टाकी, एकेक जिन्नस मोजून उगाळी, कशाचा एक वळसा तर कशाचे दोन, आणि ते चाटण बोटाने बाळाच्या जिभेला लावी. बोलायला उशीर करणाऱ्या मुलाच्या जिभेला मधातले वेखंड वेगळे चोळले जाई. जीभ जड झाली आहे, तिला तिखट-उग्र काही लागले की ती सुटेल, हा त्यामागचा सरळ हिशेब. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे आपोआप बोलू लागत आणि श्रेय वेखंडाला जाई. ज्याची जीभ खरोखर वाढलेली असे, त्याच्या बाबतीत दोष मात्र नशिबाच्या खात्यावर पडे. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही चाटवू नका म्हणतात, कारण सहाण आणि बोट यांच्यातून जंतूही पोटात जातात.

शास्त्राची नजरही आधी तोंडातच अडकली होती. सुश्रुतसंहितेने तोंडाचे ६५ रोग मोजले. त्यांतले आठ ओठांचे, पंधरा हिरड्यांचे, आठ दातांचे, पाच जिभेचे, नऊ टाळूचे, सतरा घशाचे आणि तीन सगळ्या तोंडाचे. जिभेच्या पाचांत तीन प्रकारचे कंटक, जिभेखाली सूज येऊन तिला जखडणारा अलास आणि उपजिह्विका. निरीक्षण बारीक आहे, पण सगळे रोग जागेवरच पाहिले आहेत. गळा फुगण्याचा रोग, म्हणजे गलगंड, त्याच ग्रंथात वेगळ्या अध्यायात येतो आणि त्याचा जिभेशी धागा जोडलेला नाही. तरी पाण्याच्या गुणदोषांची चर्चा करताना सुश्रुत एक लाखमोलाची नोंद करतो. हिमालयातून निघणाऱ्या नद्यांच्या पाण्याने होणाऱ्या विकारांत तो गलगंडही गणतो. रोगाचा संबंध माणसाच्या पापाशी किंवा ग्रहांशी न लावता प्रदेशाशी लावणारी ही नोंद खूप पुढची होती.

धागा जुळला तो एकोणिसाव्या शतकात, युरोपात. आल्प्सच्या दऱ्यांत फुगलेल्या गळ्याची माणसे आणि त्यांच्यातच खुजी, मतिमंद, जाड जिभेची मुले पिढ्यान्‌पिढ्या दिसत. १८५० मध्ये लंडनचे शल्यवैद्य थॉमस कर्लिंग यांनी अशा दोन मुलींच्या शवविच्छेदनाची हकीकत छापली. दोघींनाही गळ्यातली थायरॉइड ग्रंथी नव्हतीच. १८७३ मध्ये विल्यम गल यांनी प्रौढ बायकांमधला तसाच विकार वर्णिला. चेहरा सुजट, हालचाल मंद, जीभ रुंद आणि बोलणे तोंडात काही धरून बोलावे तसे. १८८३ मध्ये स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी स्वतःच्याच शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. ज्या रुग्णांची सगळी थायरॉइड त्यांनी काढून टाकली होती, त्यांतले बरेच जण नंतर याच वाटेने गेले होते. ग्रंथी गेली की माणूस मंदावतो, सुजतो आणि जीभही वाढते, हे आता नाकारता येईना.

मग इलाजाला वेळ लागला नाही. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका रुग्ण बाईला टोचला. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली, आणि त्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. लवकरच विल्यम ऑस्लर यांनी अमेरिकेतल्या मुलांची उपचाराआधीची आणि नंतरची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पहिल्या चित्रात जीभ बाहेर आलेले सुस्त मूल, दुसऱ्यात तोंड मिटून उभे असलेले. जिभेला कोणी हात लावला नव्हता. थायरॉइडच्या अभावी जिभेच्या पेशींभोवती पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ साठतो. संप्रेरक मिळाले की तो ओसरतो आणि जीभ आपल्या मापाला येते. १९१४ च्या नाताळात एडवर्ड केंडल यांनी ते संप्रेरक, थायरॉक्सिन, शुद्ध रूपात वेगळे केले.

हिंदुस्थानात हा विषय रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी हाती घेतला. गिलगिट आणि चित्रालच्या खोऱ्यांत काम करणाऱ्या या लष्करी डॉक्टरांनी १९०८ मध्ये तिथल्या मंदबुद्धी मुलांचे दोन गट पाडले. एका गटात मुके-बहिरेपण आणि पायांचा ताठरपणा मुख्य, दुसऱ्यात खुजेपणा, सुजट कांती आणि मोठी जीभ. ही वर्गवारी आजही मानली जाते. कारणाचा मात्र त्यांचा अंदाज चुकला. पाण्यातल्या जंतूंवर त्यांचा संशय होता, इतका की गावच्या पाण्यातला गाळ त्यांनी स्वतः पिऊन पाहिला.

कारण आयोडीन होते, पाण्यात असलेले नव्हे तर नसलेले. आयोडीन समुद्राचे धन. ते पावसाबरोबर जमिनीवर येते आणि उतारावरच्या मातीतून पावसापुरानेच धुऊन जाते. अशा मातीतल्या ज्वारी-बाजरीत ते उतरत नाही, त्या चाऱ्यावरच्या जनावरांच्या दुधातही नाही. माणसाला दिवसाला लागते ते जेमतेम १५० मायक्रोग्रॅम, सत्तर वर्षांच्या आयुष्याचे मिळून चमचाभरसुद्धा नाही. पण गरोदरपणात तेवढेही मिळाले नाही तर पोटातल्या बाळाचा मेंदू आणि थायरॉइड दोन्ही उपाशी राहतात.

समुद्राचे मीठ खाल्ले की आयोडीन आपोआप मिळत असेल, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. समुद्राचे पाणी वाळवून केलेल्या साध्या मिठात ते नावापुरतेच उरते. म्हणून लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाटमाथ्यापलीकडे आणलेल्या मिठाने खानदेशाच्या भाकरीला चव दिली, गळ्याला संरक्षण दिले नाही. मासे मिळाले तर ती उणीव थोडी भरून निघते, पण समुद्राची ताजी मासळी तापीकाठी रोजचे अन्न कधीच नव्हती.

मीठ या मुलखात राजकारणाचाही माल होता. इंग्रजी अमदानीत मिठावरचा कर कोणी चुकवू नये म्हणून सरकारने पंजाबपासून काटेरी कुंपणाची जकातरेषा उभारली. त्या कुंपणाचे दक्षिणेकडचे टोक बऱ्हाणपूरला, म्हणजे पूर्व खानदेशाच्या सीमेलगत तापीकाठीच येऊन भिडले होते. १८६० च्या दशकाच्या शेवटी त्या संपूर्ण रेषेवर सुमारे १२,००० माणसे पहारा देत. १८७९ मध्ये ती मोडली. कर मात्र राहिला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून तापी खोऱ्यातून येणारा लोहमार्ग अमळनेरला पोचला, पुढे जळगावला मुख्य मार्गाशी जोडला गेला आणि गुजरातचा किनारा तांड्यांच्या अनेक मुक्कामांऐवजी एका रात्रीच्या अंतरावर आला. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली तेव्हा अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले शिक्षक साने गुरुजी नोकरी सोडून त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. मिठाचा प्रश्न तेव्हा स्वातंत्र्याचा होता. त्यात आरोग्याचाही प्रश्न दडलेला आहे हे स्वित्झर्लंडला १९२२ मध्ये आणि अमेरिकेतल्या मिशिगनला १९२४ मध्ये उमगले होते. दोन्हीकडे आयोडीन मिसळलेले मीठ बाजारात आले होते. इथे ते यायला अजून अवकाश होता.

रोजच्या खाण्यात गुपचूप काही घालून रोग टाळण्याची कल्पना अमळनेरला मात्र मिठाआधी तुपाच्या डब्यातून कळली. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. तीच पुढे विप्रो झाली. १९५३ पासून देशातल्या सगळ्या वनस्पती तुपात ‘अ’ जीवनसत्त्व घालणे सक्तीचे झाले. खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. जे तुपाला साधले ते मिठाला अधिक साधणार होते, कारण तूप सगळ्यांना परवडत नाही, मीठ सगळ्यांच्या ताटात असते.

पुरावा हिमाचलच्या कांग्रा खोऱ्याने दिला. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक वस्तीच्या भागाचे तीन विभाग केले. दोहोंत आयोडीनयुक्त मीठ विकले, तिसऱ्यात साधे. सहा वर्षांत पहिल्या दोन विभागांतले गलगंड झपाट्याने घटले, तिसऱ्यात फारसा फरक पडला नाही. त्याच आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा हिमालयाचाच रोग आहे, ही सरकारी समजूत मात्र टिकली नाही. पाहणी होत गेली तसे मैदानी मुलूख, डोंगरपट्टे, अगदी मोठी शहरेही यादीत आली. सव्वातीनशे जिल्हे तपासले त्यांतले २६३ बाधित निघाले आणि महाराष्ट्रही त्यातून सुटला नाही. १९८३ मध्ये टाटांचे पाकीटबंद आयोडीनयुक्त मीठ बाजारात आले. त्याच सुमारास सगळ्या देशाचे खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करायचे ठरले आणि १९८६ पासून ते टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागले. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलले. त्यात आता गलगंडाऐवजी आयोडीनच्या कमतरतेचे सगळे विकार आले.

विरोध झाला तो मिठाच्या जुन्या अभिमानातूनच. १९९८ मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, तेव्हा स्वदेशीवाल्यांनी आणि काही गांधीवाद्यांनी हरकत घेतली. मीठ करण्याचा हक्क गरिबाच्या हातून काढून कंपन्यांना देता काय, असा त्यांचा सवाल होता. सप्टेंबर २००० मध्ये केंद्राने बंदी उठवली. डॉक्टर मंडळींनी पुन्हा जोर लावला आणि मे २००६ पासून ती परत लागू झाली. लहान मिठागरवाल्याचा प्रश्न खोटा नव्हता. पण समोरच्या पारड्यात न जन्मलेल्या बाळाचा मेंदू कधी घातलाच जात नव्हता.

आजचा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या हाती पडताना मिठात दहा लाखांत किमान १५ भाग आयोडीन असावे. १५ भाग म्हणजे दहा ग्रॅम मिठातून बरोबर दिवसाची १५० मायक्रोग्रॅमची गरज भागते. आशा कार्यकर्ती घरी येऊन चमचाभर मीठ मागते, बशीत सपाट करते, छोट्या बाटलीतले एक-दोन थेंब टाकते. मीठ क्षणात निळे-जांभळे झाले तर ती डबीवरच्या रंगपट्टीशी ताडून पाहते. पांढरेच राहिले तर आयोडीन नाही. उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी आणि लोणच्यासाठी आणलेले जाडे मीठ बहुतेकदा याच चाचणीत नापास होते. चांगले मीठही उघड्या बरणीत ओलसर राहिले, चुलीजवळ तापले की आयोडीन गमावते. झाकणाची बरणी आणि भाजी उतरवताना घातलेले मीठ, एवढी काळजी पुरते.

गोठ्यातही आयोडीन आणि जीभ यांची गाठ पडते, पण उलट्या अंगाने. काटेरी, टोकदार चाऱ्याने गायीबैलाची जीभ चिरली की त्या जखमेतून जंतू शिरतात, जीभ सुजून लाकडासारखी टणक होते, जनावर लाळ गाळते आणि चारा सोडते. या लाकडी जिभेवर पोटॅशियम आयोडाइड चालते हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पशुवैद्यांनी दाखवले, आणि आयोडाइडची क्षारे जनावरांचे डॉक्टर आजही वापरतात. तिथे आयोडीन औषध आहे. माणसाच्या बाळासाठी ते अन्न आहे.

मिठाने सगळे भागत नाही. आईने रोज आयोडीनचे मीठ खाल्ले तरी काही बाळांत थायरॉइड तयारच होत नाही, भलत्या जागी राहते किंवा संप्रेरक बनवू शकत नाही. अशी बाळे जन्मताना बहुधा निरोगी दिसतात, कारण आईचे संप्रेरक त्यांना तोवर सांभाळून नेते. जीभ वाढेपर्यंत वाट पाहिली तर मेंदूचे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्युबेकमध्ये जाँ द्युसो यांनी बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्तावर थायरॉइडची तपासणी सुरू केली. मुंबईत वाडिया बालरुग्णालयाशी निगडित डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांची अशी चाळणी करून १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना सुमारे अडीच हजार बाळांत एक असे प्रमाण आढळले. पुढे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अनेक शहरांतल्या पाहणीत ते साधारण हजारामागे एकाच्या जवळ निघाले. गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. मुलांच्या आरोग्य तपासणीचा केंद्राचा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला. त्याच्या तीस विकारांच्या यादीत गलगंड आहे. जन्मजात थायरॉइडचा विकार मात्र राज्यांच्या मर्जीवर सोडलेला आहे. तालुक्याच्या गावी बाळंतपण झाले तर ही चाचणी अजून आईबापांनाच विचारून घ्यावी लागते.

बाळाची जीभ मोठी दिसते म्हणजे थायरॉइडच असे नाही. डाउन सिंड्रोमच्या बाळात जीभ बहुधा मापाचीच असते, तोंड लहान आणि स्नायू सैल असल्याने ती बाहेर येते. बेकविथ-विडेमान सिंड्रोममध्ये जीभ खरोखर मोठी, बाळही वजनदार आणि बेंबीशी हर्निया असतो. अशा बाळाची जन्मल्याबरोबर साखर खाली जाऊ शकते. काही गाठींचा धोका असल्याने त्याच्या पोटाची सोनोग्राफी काही वर्षे ठरावीक अंतराने करावी लागते. जीभ एकाच बाजूला वाढली असेल तर रक्तवाहिन्यांची किंवा लसिकावाहिन्यांची गाठ असू शकते. प्रौढाला दातांचे वळ जिभेवर दिसू लागले, अंगठी-चप्पल घट्ट होऊ लागली, तर पियुषिका ग्रंथी तपासतात. आणि काही मिनिटांत-तासांत जीभ सुजली, मग ती ॲलर्जीने असो वा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, तर घरचा कोणताही इलाज न करता तडक दवाखाना गाठायचा, कारण श्वास कोंडू शकतो.

शस्त्रक्रिया सर्रास होत नाही. श्वास अडतो, दूध पोटात जात नाही, किंवा जिभेच्या दाबाने जबडा पुढे येऊन दात मिटेनासे होतात, तेव्हा शल्यविशारद जिभेच्या मधल्या भागाचा किंवा टोकाचा तुकडा काढून ती लहान करतात. चव बहुधा शाबूत राहते. उच्चारांसाठी नंतर वाचातज्ज्ञाकडे जावे लागते.

थायरॉइडच्या बाळाला चाकू लागत नाही. जन्मानंतर दोन ते तीन दिवसांत टाचेचे रक्त घ्यायचे, दोष पक्का झाला की दोन आठवड्यांच्या आत लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू करायची. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम. आईने गोळी चमच्यात चुरायची, त्यात आपले दोन थेंब दूध घालायचे आणि रोज ठरल्या वेळी पाजायचे. लोहाचे आणि कॅल्शियमचे थेंब त्याच वेळी द्यायचे नाहीत, काही तासांचे अंतर ठेवायचे. पहिल्या वर्षात रक्त वारंवार तपासून डोस बदलत जातो. काही महिन्यांत आवाजाचा घोगरेपणा जातो, जीभ आत जाते, बाळ रडू लागते. तीन वर्षे पूर्ण झाली की काहींच्या बाबतीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी महिनाभर थांबवून पुन्हा रक्त पाहतात, कारण काहींची थायरॉइड तोवर आपले काम करू लागलेली असते. बाकीच्यांची गोळी जन्मभर चालते.